रॅपचा हुक (परत परत येणारा, सगळ्यांनी सोबत म्हणायचा भाग) व्हर्ससारखाच (कडव्यासारखाच) वाटतोय, काय बदलू?

कोरा_कागद
बीट (मागचं संगीत) ९० बीपीएमची, म्हणजे मिनिटाला ९० ठोक्यांची आहे. १६-१६ बारचे (चार ठोक्यांचा एक बार) दोन व्हर्स तयार आहेत. विषय असा, की सगळे 'आता सोड' म्हणतायत आणि हा गडी टिकून आहे. व्हर्सचा फ्लो (शब्दांची लय) मस्त बसलाय, अडलंय ते हुकपाशी. सध्याच्या ओळी:

लोक म्हणतात थांब आता, पुरे झालं तुझं स्वप्न बघणं
पण मी अजून लढतोच आहे रोज नव्या उमेदीनं

एका बारला एक ओळ. अर्थ हवा तोच आहे, पण ऐकणाऱ्याला वाटतं व्हर्सच चालू आहे. दोनदा ऐकूनही कुणाच्या तोंडात ओळ बसत नाही. शब्द बदलू की चाल?

स्नेअरवर_बोट
दोन्ही, पण आधी चाल. या ओळी मोजून बघ. कागदावरची अक्षरं नाही, तोंडातून येणारे सिलॅबल (एका झटक्यात उच्चारले जाणारे तुकडे) मोज: 'लोक' एक, 'म्हणतात' दोन, 'बघणं' दोन. पहिल्या ओळीत १६ होतात, दुसरीत १५. एका ठोक्याचे चार भाग केले की बारमध्ये जागाच १६ असतात, म्हणजे पहिली ओळ बार काठोकाठ भरते. ९० बीपीएमला एक बार जेमतेम २.७ सेकंदांचा. एवढ्यात १६ सिलॅबल व्हर्समध्ये खपतात, कारण तिथे लोक ऐकत असतात. हुक त्यांना सोबत म्हणायचा असतो, तिथे ६ ते ९ पुरे.

दुसरं म्हणजे या दोन ओळी वाक्यं आहेत. हुकला वाक्य लागत नाही, आरोळी लागते. 'लोक म्हणतात', 'पण मी अजून' हे जोडकाम व्हर्सवर सोड.

आता शब्द बाजूला ठेव. बीटचे ४ बार लूपवर लाव, फोनचं रेकॉर्डिंग चालू कर आणि अर्थाचा विचार न करता नुसतं 'ता-ना-ना' करत राहा. जो तुकडा आपोआप परत परत तोंडात येईल तो हुकचा ठेका. मग त्यात शब्द भर. तुझ्याच विषयावर नमुना देतो:

थांब म्हणाले, थांबलो का?
वाक म्हणाले, वाकलो का?
दार लावलं, भिंत फोडली
सांग, अजून संपलो का?

पहिली ओळ अर्ध्या-अर्ध्या बीटवर (इथे बीट म्हणजे बारमधला एक ठोका) टाकून बघ. 'थांब' पहिल्या बीटवर, 'म्ह' तिच्या उत्तरार्धात, 'णा' दुसऱ्या बीटवर, मग 'ले'. तिसऱ्यावर पुन्हा 'थांब', मग 'लो', आणि 'का' चौथ्यावर. दुसऱ्या आणि चौथ्या बीटवर स्नेअर (कडक वाजणारा ड्रम) आहे. तिथे 'णा' आणि 'का' पडतात, दोन्ही दीर्घ, म्हणून जोर आपसूक येतो. सात सिलॅबल, आठवी जागा रिकामी. ती भरू नकोस. स्टेजवर त्याच जागी समोरून 'नाही!' येईल.

शेवटच्या ओळीत 'सांग' पहिल्यावर, 'अ' लगेच मागे, 'जून' स्नेअरवर. 'अ' स्नेअरवर पडला तर ओळ लंगडते, तेवढं जप.

हे ४ बार दोनदा म्हटले की ८ बारचा हुक झाला, साधारण २१ सेकंद.

यमक_आधी
ठेक्याबद्दल पूर्ण सहमत. शेवटच्या शब्दावर मात्र मतभेद आहे. 'थांबलो' आणि 'वाकलो' जुळतात ते 'लो का'मुळे नाही, त्याआधीच्या 'आ'मुळे. 'संपलो'त तो 'आ' नाही, त्यामुळे कानाला पायरी चुकल्यासारखं होतं. 'सांग, अजून भागलो का?' करून बघ. थकला-भागलामधला 'भागलो'.

मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, म्हणून आहे-नाही, झालं-केलं ही यमकं हात न हलवता मिळतात आणि तितकीच लवकर शिळी होतात. नुसत्या प्रत्ययावर हुक उभा करू नये. धातूतला स्वर जुळव, मग शेपूट सारखं असलं तरी चालतं. तुझ्या मूळ ओळींत 'बघणं' आणि 'उमेदीनं' जुळतात ते फक्त अनुस्वारापुरते. वेगात म्हटलं की तेही ऐकू येत नाही.

स्नेअरवर_बोट
'भागलो' कानाला बसतो, मान्य. तरी मी 'संपलो'च ठेवेन. तिसऱ्या ओळीने 'का' मोडला, चौथीने तो परत आणला, आणि गाण्याचा मुद्दा 'अजून संपलो नाही' हाच आहे. थकणं वेगळं, संपणं वेगळं. कोरा_कागद, दोन्ही मोठ्याने म्हणून रेकॉर्ड कर आणि गाणं माहीत नसलेल्या माणसाला ऐकव. तो जी ओळ परत म्हणेल ती ठेव.

कोरा_कागद
ठेका लगेच बसला, आभार दोघांचे. सध्या 'संपलो' ठेवतोय. पण व्हर्सच्या १६व्या बारमधून हुकमध्ये जाताना सांधा दिसतो. आणि हुक व्हर्सपेक्षा बारीक ऐकू येतो. आवाज वाढवला तर कानात टोचतो.

डबल_ट्रॅक
सांध्याचं आधी. १६व्या बारमध्ये शब्द तिसऱ्या बीटवर संपव आणि चौथ्या बीटला किक (जाड आवाजाचा ड्रम), बेस, सगळं काढून टाक. ती पाऊण सेकंदाहून कमी शांतता हुकला जागा करून देते. पूर्ण बार रिकामा ठेवू नकोस, वेग पडतो.

बारीकपणा फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) वर करून जात नाही. टोचतंय तेही त्यामुळेच, एकाच आवाजाला तू ओढतोयस. हुक तीनदा वेगवेगळा म्हण. एकच टेक (एकदा म्हटलेलं रेकॉर्डिंग) कॉपी करून डावी-उजवीकडे टाकलास तर रुंदी येत नाही, तो मधोमधच ऐकू येतो, फक्त मोठा. मुख्य टेक मध्ये, बाकीचे दोन डावी-उजवीकडे आणि मुख्यपेक्षा ६ ते १० डेसिबल खाली. बाजूच्या टेकमध्ये 'थांब'चा 'ब' आणि 'वाक'चा 'क' सैल म्हण, नाहीतर तीन 'क' मागेपुढे पडून खडखड होते. सगळ्या टेकमधले श्वास कापून फक्त मधल्याचे ठेव.

आणि व्हर्समध्ये डबल (तेच शब्द पुन्हा म्हणून वर चढवलेला आवाज) कमी कर, फक्त ओळीच्या शेवटच्या शब्दावर राहू दे. व्हर्स सगळीकडे जाड असेल तर हुकला वाढायला वावच उरत नाही.

'नाही!' पहिल्या हुकमध्ये घालू नकोस, तिथे जागा मोकळीच राहू दे. दुसऱ्या हुकपासून एका आवाजात, शेवटच्या हुकमध्ये चार-पाच जणांच्या. रचना अशी लागेल: इंट्रो ४, हुक ८, व्हर्स १६, हुक ८, व्हर्स १६, शेवटचा हुक १६. एकूण ६८ बार, तीन मिनिटांच्या आसपास. शेवटच्या १६पैकी पहिले ४ बार ड्रमशिवाय ठेवून बघ.