व्होल्टेज कमी झाल्यावर मोटारीचा करंट वाढतो कसा?

एक प्रश्न आलाय की व्होल्टेज कमी झालं तर करंटही कमी व्हायला पाहिजे, मग विहिरीवरची मोटार का जळते? प्रश्न अगदी रास्त आहे. ओहमचा नियम खोटा नाही, हीटरच्या कॉइलला तो सरळ लागू पडतो: व्होल्टेज घटलं की करंट घटतो, पाणी उशिरा तापतं. मोटारीचं तसं नाही. तिला पाणी तेवढंच उपसायचं असतं, म्हणून कमी व्होल्टेजमध्ये ती जास्त करंट ओढते.

पाच एचपी म्हणजे 3.73 किलोवॅट. थ्री फेज 415 व्होल्टला अशी मोटार साधारण 8 अँपिअर घेते. उन्हाळ्यात, सगळ्या शिवारातले पंप एकदम सुरू झाले आणि व्होल्टेज 330 वर आलं, की तोच करंट 10 च्या आसपास जातो. वाइंडिंगमधली (मोटारीतल्या तारांच्या गुंडाळीतली) उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे इथं दीडपटीहून जास्त. तारांवरचं इन्सुलेशन जळतं ते या उष्णतेनं.

त्यात डीपीपासून (शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरपासून) लांब, बारीक केबल असली तर केबलमध्येही व्होल्टेज पडतं, म्हणजे मोटारीपर्यंत ते आणखी कमी पोचतं.

कळकळीनं सांगतो, स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले, म्हणजे करंट जास्त झाला की मोटार बंद करणारा भाग, बायपास करू नका. मराठवाड्यात हे सर्रास चालतं. रिले मोटारीच्या प्लेटवरच्या अँपिअरला सेट करा आणि योग्य क्षमतेचा कपॅसिटर लावा, त्यानं लाइनमधला करंट कमी होतो.