«काही करत नाही हो तो!» – डॉग पार्क, बागा, टेकड्या : तुमचे अनुभव लिहा

अबोली_स

आज सकाळी आमच्या इथल्या बागेत (पुणे, कोथरूडच्या बाजूला) एक काळा लॅब्रेडॉर मोकळाच सुसाट आला आणि काठी टेकत चाललेल्या एका आजोबांच्या अगदी अंगाला घासून गेला. आजोबा कठडा धरून थरथरत उभे राहिले. मागून मालकांचा आवाज आला, "घाबरू नका आजोबा, काही करत नाही हो तो!"

ते वाक्य ऐकलं आणि मला २०१३ आठवलं. तेव्हा आम्ही न्यू जर्सीत होतो. आमचा बीगल लाडू दोन वर्षांचा होता आणि आई साताऱ्याहून पहिल्यांदाच आली होती. तिथल्या डॉग पार्कला दोन फाटकं असतात. पहिल्यातून आत गेलं की ते लावायचं, मधल्या चौकोनात पट्टा सोडायचा, मग दुसरं उघडायचं. मी आईला हौसेने आत नेलं. सात-आठ कुत्री पळत होती. आई म्हणाली, "मी बाहेर बाकावर बसते गं." मी म्हटलं, "आई, ती काही करत नाहीत, खेळतायत."

पाच मिनिटांत लाडू आणि एक बॉक्सर पाठशिवणी खेळत मागून आले आणि थेट आईच्या गुडघ्यांवर आदळले. आई हातावर पडली, मनगट मोडलं. कुत्र्यांचा काही दोष नव्हता. ती खरंच "काही करत" नव्हती. आईने तोंडाने सांगितलं होतं की तिला बाहेर बसायचंय आणि मी ऐकलं नाही. आज त्या आजोबांचे पाय थरथरताना बघून पोटात तुटलं.

तुमचे अनुभव लिहा. पार्कातले, सोसायटीतले, कुत्रा असलेल्यांचे, कुत्र्यांची भीती असलेल्यांचेसुद्धा.

भिजपाऊस

बापरे. आईंचा हात बरा झाला का नीट?

अबोली_स

हो गं. सहा आठवडे प्लॅस्टर होतं. अजून थंडीत दुखतो, कणीक डाव्या हाताने मळते. पण परत जाताना विमानतळावर सगळ्यात जास्त रडली ती लाडूच्या गळ्यात पडून.

बेएरियाकर

मैदानात उभं राहायची पद्धत असते ती कोणी सांगत नाही. गुडघे किंचित वाकवायचे, पळणाऱ्या कळपाकडे पाठ करायची नाही, आणि फोन खिशात. डॉग पार्कात माणसांना होणाऱ्या दुखापती मी पाहिल्यात त्या जवळजवळ सगळ्या अशाच, धडक बसून. चावून नाही.

मी राहतो तिथून बर्कलीचं ओलोनी पार्क जवळ आहे. १९७९ पासूनचं. अमेरिकेतलं पहिलं डॉग पार्क म्हणून ओळखलं जातं.

आमच्याकडे अजून एक त्रास म्हणजे फॉक्सटेल. उन्हाळ्यात गवत वाळलं की त्याची कुसळं कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात, कानात, नाकात शिरतात. ती पुढेच सरकत राहतात, मागे येत नाहीत. आमच्या मुलीच्या (चार पायांच्या) नाकात गेलं होतं, शिंकून शिंकून रक्त आलं. भूल देऊन काढावं लागलं. घरी आल्यावर पंजे तपासा, रोज.

टेकडीवाला

आपल्याकडे कुसळी असतेच की टेकडीवर. दिवाळीनंतर मोजे भरून येतात.

राणीची बाग

मी लिहू का, माझ्याकडे कुत्रा नाही आणि मला प्रचंड भीती वाटते. १९८६, मी सात वर्षांची, परळच्या चाळीत चावला होता. पोटात चौदा इंजेक्शनं. रोज आजोबा खांद्यावर घेऊन जायचे. त्यानंतर चाळीस वर्षं झाली, कुत्रा दिसला की आजही हात गार पडतात. लोक म्हणतात "तू घाबरतेस ते त्याला कळतं म्हणून तो भुंकतो". म्हणजे चूक माझीच. मला फक्त एवढंच हवं असतं की लिफ्टचं दार उघडल्यावर समोर कुत्रा असेल तर मालकाने पट्टा आखडून धरावा, आणि मी "तुम्ही जा, मी पुढच्या लिफ्टने येते" म्हटलं तर तोंड वाकडं करू नये.

बास. डबा भरायचाय. येते नंतर.

अबोली_स

@राणीची बाग, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत.

डॉ. निशिगंध

ओपीडी सुरू व्हायच्या आत पटकन लिहिते.

ती पोटातली इंजेक्शनं आता इतिहासजमा झाली. ती जुनी लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता दंडात देतात, ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. बऱ्याच सरकारी दवाखान्यांत कातडीत देतात, ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. पहिला दिवस शून्य धरायचा. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन पण लागतं, ते मागून घ्या.

पण सगळ्यात आधी, जागच्या जागी, नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काहीही भरू नका. मागच्याच महिन्यात एक आजी नातवाच्या पोटरीत मिरचीपूड भरून घेऊन आल्या होत्या. पोराचे हाल बघवत नव्हते.

आणि "पाळीव आहे, लस झालीय, काही होत नाही" असं बागेतल्या बागेत ठरवू नका, डॉक्टरांना ठरवू द्या. रेबीजची लक्षणं दिसायला लागली की जवळपास कोणी वाचत नाही.

भिजपाऊस

हे वरचं मी स्क्रीनशॉट काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं.

हॅनोवरकर

आमच्या राज्यात (लोअर सॅक्सनी) २०१३ पासून कुत्रा पाळायच्या आधी माणसाला लेखी परीक्षा द्यावी लागते आणि पहिल्या वर्षात प्रत्यक्ष परीक्षा. मी दिलीय. कुत्रा बरोबर असताना समोरून सायकल आली, लहान मूल आलं, दुसरा कुत्रा आला तर तुम्ही काय करता ते परीक्षक बघतो. परीक्षा कुत्र्याची नाही, आपली.

तिथे शिकलेली एकच गोष्ट सांगतो. दोन अनोळखी कुत्री पट्ट्यात असताना नाकासमोर नाक नेऊ नका. त्यांना एकमेकांकडे अर्धगोलात जायचं असतं, बाजूने, मागून हुंगत. ताणलेल्या पट्ट्यामुळे ती समोरासमोर येतात, छाती पुढे काढली जाते, आणि समोरच्याला वाटतं हा अंगावर येतोय. म्हणूनच सगळी मोकळी असलेल्या पार्कात आपलं एकटंच पट्ट्यात ठेवणं धोक्याचं. आणि रस्त्यावर बरोबर उलटं, पट्टा हवाच. जागेचा नियम जागेला.

दरवर्षी नगरपालिकेचा कुत्रा-कर पण भरतो. काहीजण कुरकुरतात, मला तो भरताना बरं वाटतं.

कोकणकडा

शी उचलायच्या पिशव्यांबद्दल लिहा कुणीतरी. आमच्या सोसायटीत सगळं भांडण त्यावर आहे. एक काकू गेली आठ वर्षं रोज वर्तमानपत्राचा तुकडा घेऊन उतरतात, खाली कागद धरतात, पुडी बांधतात, घरी नेऊन फ्लश करतात. त्यांच्या कुत्र्याबद्दल आजवर एक तक्रार नाही. बाकीचे तिघे "माती आहे, जिरून जाईल" म्हणतात. त्यात जंताची अंडी असतात, तिथेच पोरं गोट्या खेळतात.

भिजपाऊस

पोरं अजून गोट्या खेळतात तुमच्याकडे?? कुठे राहता?

कोकणकडा

चिपळूण. खेळतात की. भोवरे पण. 😀

भिजपाऊस

माझ्या लेकाला पाठवते मे महिन्यात.

चिमणीएक

आमचं पिल्लू गेलं. दोन वर्षं झाली, कुठे लिहिलं नव्हतं.

अडीच महिन्यांचा होता, बुंदी. एकच लस झाली होती. व्हेटने सांगितलं होतं की सगळे डोस होईपर्यंत बाहेर जमिनीवर सोडू नका. पण मुलींची सुट्टी, त्या बागेत चालल्या होत्या, मी म्हटलं पाच मिनिटं गवतावर फिरू दे. चौथ्या-पाचव्या दिवशी उलट्या, मग रक्ताची जुलाब. पार्वो. सलाईन लावून तीन रात्री बसलो. तो विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो, तिथे आजारी कुत्रा त्या दिवशी असायलाही लागत नाही, हे मला नंतर कळलं.

पिल्लाला उचलून फिरवा, कडेवरून जग दाखवा, पण खाली ठेवू नका. साधारण चार महिने होऊन डोस पूर्ण होईपर्यंत. एवढंच.

अबोली_स

चिमणी… काय बोलू. तुमच्या मुली कशा आहेत?

हॅनोवरकर

फार वाईट वाटलं. तुम्ही लिहिलंत म्हणून कुणाचं तरी पिल्लू वाचेल.

चिमणीएक

धाकटी अजून त्याची वाटी कुणाला हात लावू देत नाही. बऱ्या आहेत. धन्यवाद सगळ्यांना.

सोलापुरी_चादर

आमच्याकडे करवानी आहे, नाव बिजली. गावाकडून आणली. या जातीचं पळणं डोळ्यांवर चालतं. लांब काही हललं की सुटली. मग हाक मारा, शिट्टी मारा, खाऊ दाखवा, कान बंद. एकदा मोकळी सोडली मैदानात, तिकडून मेंढरं चाललेली. माझ्या काळजाचं पाणी झालं. धनगराची दोन कुत्री मध्ये आली, गळ्यात खिळ्यांचे पट्टे (ते बिबट्यासाठी असतात, नरडं धरू नये म्हणून). बिजली थांबली. धनगर मामा शिव्या देतील वाटलं, पण म्हणाले, "पोरा, जनावराची चूक न्हाई. दोरी तुझ्या हातात पायजे हुती."

तेव्हापासून कुंपण नसेल तिथे दहा मीटरची लांब दोरी. पळू पण शकते आणि माझ्या हातात पण असते.

टेकडीवाला

मामांना नमस्कार.

टेकडीवर हेच आहे. मोर आहेत, लांडोरी जमिनीवर अंडी घालतात. मोकळा कुत्रा झुडपात शिरला की संपलं. माझ्या डोळ्यांसमोर माझ्याच शेरूने एक पिल्लू तोंडात धरून आणलं. सोडवलं, पण मेलं ते. त्यानंतर टेकडीवर नेतच नाही त्याला. रस्त्यानेच फिरवतो, पहाटे.

मैत्रेयी_हैद

हैदराबादला कोंडापूरला महापालिकेचं डॉग पार्क आहे, २०१८ चं, साधारण १.३ एकर. मोठ्या आणि लहान कुत्र्यांसाठी वेगळे भाग केलेत. आधी तिथे कचरा टाकायचे लोक! पुण्या-मुंबईत प्रत्येक वॉर्डात असं एक कुंपण घातलेलं मैदान झालं तर बागेतले आजोबा पण निवांत आणि टेकडीवरचे मोर पण.

लहान-मोठे वेगळे हवेतच. आमची पग आहे. ती किंचाळत पळाली की मोठ्या कुत्र्यांना ती खेळणं वाटते.

राणीची बाग

परत आले. कुणी सांगेल का, खेळतायत की भांडतायत हे ओळखायचं कसं? मला दोन्ही सारखंच दिसतं.

हॅनोवरकर

पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर, हा खेळाचा नमस्कार. आळीपाळीने पाठलाग, मध्येमध्ये थांबणं, अंग सैल: खेळ. अंग ताठ, तोंड घट्ट मिटलेलं, टक लावून बघणं, एकच सतत वर आणि दुसऱ्याची शेपूट पायात: लगेच हाक मारा. शेपूट हलतेय म्हणजे खूश आहे हे खरं नाही. ताठ उभी शेपूट टोकाशी थरथरत असेल तर तो इशारा असतो.

आणि जुंपलीच तर मध्ये हात घालू नका, गळपट्टा पण धरू नका. दोघांनी एकाच वेळी आपापल्याच्या मागच्या मांड्या धरून हातगाडीसारखं मागे ओढायचं.

बेएरियाकर

भांडणं होतात ती बहुतेक बॉल आणि खाऊवरून. पार्कात खिशात बिस्किटं नेऊ नका. माजावर आलेली मादी अजिबात नेऊ नका, इतकं साधं असूनही लोक आणतात.

कोकणकडा

खाऊवरून आठवलं, आमच्या शेजारच्या टॉमीने वनभोजनात अख्खी मोदकाची चाळण पळवली होती. त्याच्या मागे अकरा माणसं. त्याला वाटलं हा खेळच आहे. 😂

भिजपाऊस

उकडीचे का तळणीचे?

कोकणकडा

उकडीचे!! एकवीस!

वकील_काका

सोसायटीवाल्यांसाठी. पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. पण त्याच सूचनांमध्ये सार्वजनिक जागेत पट्टा आणि साफसफाई सांगितलीय, ते पान कोणी उघडत नाही. आणि आपल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हक्क सांगणाऱ्याने दोन्ही पानं वाचावीत.

शुभ्रा१२

बीगल पुण्याच्या उन्हाळ्यात राहतो का नीट? आम्ही घ्यायचा विचार करतोय. धाग्याशी संबंध नाही, सॉरी.

अबोली_स

राहतो, पण एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी सातनंतरच बाहेर. रस्त्यावर हाताची मागची बाजू टेकवून बघा, पाच-सात सेकंद ठेवता आली नाही तर त्याचे पंजेही भाजतील. बीगल हुंगत हुंगत निघून जातो, तेव्हा बोलावल्यावर येणं आधी शिकवा. विकत घ्यायच्या आधी आश्रयगृहातले बघून या, आमची आत्ताची चिकू तिथलीच, देशी, फार गुणी. लाडू २०२१ मध्ये गेला.

@राणीची बाग, तुम्ही पुण्यात असता का आता? चुकीचं वाटलं तर सोडून द्या. रविवारी सकाळी मी चिकूला घेऊन बागेत असते. तुम्ही लांबच्या बाकावर बसा. आम्ही आमच्या जागी बसू, पट्टा सोडणार नाही, जवळ येणार नाही, हाक मारणार नाही. तुम्हाला वाटेल तेव्हा उठून जा.

राणीची बाग

पुण्यातच आहे. किती लांब आहे तो बाक?

अबोली_स

चांगली तीस-पस्तीस पावलं. मध्ये कारंज्याचा कठडा आहे.

राणीची बाग

मिस्टरांना बरोबर आणेन. साडेसात?

अबोली_स

साडेसात. चहाचा थर्मास आणते, तो कठड्यावर ठेवेन.

भिजपाऊस

सोमवारी इथे लिहा दोघीही!! मी वाट बघतेय. आणि कोकणकडा, ती चाळण मिळाली का शेवटी?

कोकणकडा

चाळण मिळाली. मोदक नाही.