मदत हवी आहे: डोंगरउतारावर सायकलींसाठी ट्रेल्स आखायच्या आहेत, पण वाहून न जाणाऱ्या

नमस्कार मंडळी,

नमनाला घडाभर तेल नको, थेट मुद्द्यावर येतो. आम्ही दहा-बारा माउंटन बाइकवाले आहोत. वस्तीला लागून असलेल्या डोंगराच्या एका अंगावर ट्रेल्स करायला जमीनमालक तयार आहेत. आधी नकाशा दाखवा, मग लेखी देतो म्हणतात. गटातल्या निम्म्यांना उद्याच कुदळ-फावडी घेऊन निघायचंय. मी अडवून धरलंय, त्याला कारण सध्याची वाट.

ती माथ्यावरून नाकासमोर खाली येते. मागच्या जोराच्या पावसात मी मुद्दाम तिथे छत्री घेऊन उभा राहिलो. पाणी एकदा वाटेला लागलं ते शेवटपर्यंत तिच्यातून बाहेर पडेना. वर जेमतेम तळवे भिजत होते, पायथ्याशी घोटाभर गढूळ लोंढा. नंतर चरात हात घातला तर कोपरापर्यंत गेला. झाडांची मुळं उघडी पडलीत. आता लोक चर टाळून कडेने सायकल काढतात, की तिथे नवी वाट पडते. माझ्या मते यात चाकांचा दोष कमी, आखणीचा जास्त.

इम्बा या माउंटन बायकिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं वाचली. वाट डोंगराला आडवी, कंटूर (सारख्या उंचीची रेषा) धरून न्यायची. तिचा चढ त्या जागच्या डोंगरउताराच्या निम्म्याहून कमी हवा, नाहीतर पाणी वाट ओलांडून जाण्याऐवजी तिच्यातूनच धावतं. सरासरी चढ १० टक्क्यांच्या आसपास (म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर १० मीटर वर), आणि वाटेचा पृष्ठभाग दरीच्या बाजूला साधारण ५ टक्के कललेला.

कोनमापकाला दोरा आणि नट बांधून उतार मोजायचं साधन केलं आणि दोन रविवार घालवून झेंड्या रोवल्या. डोंगराचा उतार २४ भरला, वाट १० वर ठेवली. हिशेबात चोख बसतंय. तरी झेंड्यांच्या ओळीने चढून पाहिलं तर नवखी मंडळी उतरून सायकल ढकलायला लागली! चुकतंय कुठे? शिवाय नवख्यांची आणि मुरलेल्यांची सोय एकाच डोंगरावर कशी लावायची, आणि जुन्या वाटेचं काय करायचं?

प्रतिसाद:

कोनमापक अंश दाखवतो हो, टक्के नाही! १० अंश म्हणजे जवळपास १७.६ टक्के. तुमचा डोंगर २४ अंश, म्हणजे साधारण ४४.५ टक्के, त्याचे निम्मे २२. त्यामुळे निम्म्याच्या नियमात तुम्ही पास, सरासरीत सपशेल नापास. १० टक्क्यांसाठी कोनमापकावर ५.७ हवेत. नवख्यांच्या वाटेची सरासरी ५ टक्क्यांच्या आत ठेवा, म्हणजे जेमतेम ३ अंश. ६० मीटर उंची गाठायला ५ टक्क्यांनी १२०० मीटर वाट लागते, तुमच्या झेंड्यांच्या हिशेबाने फक्त ३४०. नवखे ढकलणार नाहीत तर काय करतील!

आणि सलग चढ ठेवू नका. अधूनमधून वाट थोडी खाली उतरवून परत चढवा, त्या खोलगट जागी पाणी बाहेर पडतं. नुसत्या बाहेरच्या कलावर विसंबू नका. चाकांनी वाटेची मधली पट्टी दबते आणि कल बुजतो.

दुसरा प्रतिसाद:

रिंगणात रिंगण करा. वाहनं लावायच्या जागेपासून सुरू होणारी सोपी छोटी रिंग, तिच्या लांबच्या टोकातून फुटणारी मधली, आणि अवघड ट्रेल सगळ्यात पलीकडे. सोप्या वाटेवरून अवघड वाटेत शिरण्याचं तोंडच जरा अडचणीचं ठेवलं, तर चुकून कोणी शिरत नाही.

वाटेची सगळी रुंदी डोंगरातच कापून काढा. निघालेली माती खालच्या अंगाला पसरून टाका, तिच्यावर वाटेची कड बांधू नका. पहिल्याच पावसात खचते.

जुन्या वाटेच्या तोंडावर चार फांद्या टाकून भागत नाही, लोक दुसऱ्या दिवशी बाजूला सारतात. चरात ठिकठिकाणी आडवे ओंडके किंवा दगड रोवून पाणी थोपवा, दडपलेली जमीन कुदळीने मोकळी करा, तिथलंच गवत-झुडपं लावा. जिथून ती नजरेला पडते तो पहिला टप्पा तर दिसेनासाच करा. पण हे नवी वाट खुली झाल्यावर. पर्याय दिल्याशिवाय बंद केलेली वाट बंद राहत नाही.

धागाकर्ता:

अंश आणि टक्के! दोन रविवार पाण्यात. गटात सांगितलं तेव्हा जे हसले त्यांनाच झेंड्या उपटायला नेलं. आता ३ अंशांवर सोपी रिंग आखतोय, पण एका जागी खडकाची भिंत आडवी येते. तिथे हेअरपिन वळण घ्यावं, तर जागा सपाट आहे आणि पाणी साचेल अशी भीती वाटते. वळण अलीकडच्या तिरक्या उतारावर घेतलं तर चालेल का? फोटो आज रात्री टाकतो.