हॅरी पॉटर: रक्ताचा दर्जा ठरतो तरी कसा?

निशाचर: हॅरीचे आई-वडील दोघंही जादूगार, तरी तो हाफ-ब्लड, म्हणजे मिश्र रक्ताचा. मग प्युअर-ब्लड, म्हणजे शुद्ध रक्ताचा, व्हायला किती पिढ्या लागतात? आणि हॅरीचा मित्र रॉन याचं वीझली घराणं तर प्युअर-ब्लड, तरी मॅलफॉय घराण्यातले त्यांना बघून नाक का मुरडतात?

जुनी_वही: पिढ्यांचा लेखी नियम कुठेच नाही. साधारण आजी-आजोबांपर्यंत बघतात. हॅरीची आई लिली मगल-बॉर्न, म्हणजे जादू नसलेल्या (मगल) आई-बापांच्या पोटी जन्मलेली जादूगार; म्हणून हॅरीचं आजोळ मगल. तिथेच तो हाफ-ब्लड झाला. खलनायक व्होल्डेमॉर्टचा तर बापच मगल, पण ते त्याच्यासमोर बोलणार कोण?

यादी मात्र आहे. १९३० च्या दशकात निनावी 'प्युअर-ब्लड डिरेक्टरी' निघाली, तीत २८ घराणी. ती कँटँकरस नॉटने लिहिली असा संशय आहे, आणि नॉट घराणं अर्थातच यादीत! पॉटर वगळले, कारण ते आडनाव मगलांमध्येही सर्रास सापडतं. वीझलींचं नाव होतं, पण आमच्या पूर्वजांत मगलही आहेत असं त्यांनीच जाहीर सांगितलं. 'ब्लड ट्रेटर' (रक्ताशी गद्दारी करणारे) हा शिक्का तिथून बसला.

कोपऱ्यातला_दिवा: वीझलींचा प्रश्न वंशावळीपेक्षा रोटी-बेटी व्यवहाराचा आहे. ब्लॅक या प्युअर-ब्लड घराण्याचा, वंशावळ दाखवणारा भिंतीवरचा पडदा आठवा. अँड्रोमेडाने मगल-बॉर्न टेड टाँक्सशी लग्न केलं, तिचं नाव जाळलं. बेलाट्रिक्स आणि नार्सिसा या सख्ख्या बहिणींची नावं शाबूत. त्याच घराण्यातल्या अल्फार्डने तर फक्त घर सोडून गेलेल्या भाच्याला, सिरियसला, पैसे दिले, त्याचंही नाव जळालं. रक्त तेच, पण वाळीत.

तरी याला थेट जातव्यवस्था म्हणू नये. इथे जन्माने धंदा ठरत नाही. डर्क क्रेसवेल मगल-बॉर्न असून जादूगारांच्या सरकारात, म्हणजे मंत्रालयात, गॉब्लिन नावाच्या बुटक्या जीवांशी संपर्क ठेवणाऱ्या विभागाचा प्रमुख होता. शिवाय बहुतेक जादूगार हाफ-ब्लडच. मगलांशी सोयरिकी केल्या नसत्या तर आपण केव्हाच संपलो असतो, असं रॉनच दुसऱ्या भागात सांगतो.

जुनी_वही: क्रेसवेलचं पुढचंही सांगा की! १९९७ मध्ये मंत्रालय व्होल्डेमॉर्टच्या हाती पडल्यावर मगल-बॉर्न नोंदणी आयोग आला. किमान एक जवळचा नातेवाईक जादूगार असल्याचं सिद्ध करा, नाहीतर तुमची जादू चोरीची. क्रेसवेलने खोटी वंशावळ केली, ती पकडली गेली.

मुळात आयोगाचा पायाच कच्चा. जादूगारांच्या पोटी स्क्विब, म्हणजे जादू न येणारी मुलं, जन्मतात, ते मगलांत मिसळतात आणि काही पिढ्यांनी त्याच वंशात जादू पुन्हा उगवते. तो स्क्विब पूर्वज 'जवळचा' नसतो, त्याची नोंदही कुणी ठेवलेली नसते. मग पुरावा आणायचा कुठून?

निशाचर: आणि आयोगाची प्रमुख अंब्रिज, तिची वंशावळ कोण तपासतं?

कोपऱ्यातला_दिवा: कोणी नाही. तिची आई मगल, भाऊ स्क्विब, वडील मंत्रालयातच साफसफाईच्या खात्यात. चौकशी चालू असताना गळ्यात जे लॉकेट मिरवते, त्यावरचा 'एस' सेल्विन घराण्याचा असल्याचं सांगते. ते तिने मंडंगस या भुरट्या चोराकडून लाच म्हणून उकळलेलं. आणि 'एस' खरं तर हॉगवर्ट्स शाळेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या स्लिदरिनचा.