बोटावरचा आकडा मेंदूचं सगळं सांगत नाही

ऑक्सिमीटर ९७ दाखवतोय, मग बाबा तापात असं असंबद्ध का बोलतात, असं तुम्ही विचारलंय. मागच्या पावसाळ्यात पंचवटीत आमच्या आत्याचं अगदी हेच झालं. लघवीचं इन्फेक्शन, ताप जेमतेम, आणि रात्री दोन वाजता ती 'गोदेवर जायचंय' म्हणत दाराची कडी चाचपत होती. आम्ही 'वय झालं' म्हणत दोन दिवस घालवले, त्याची हळहळ अजून वाटते.

ते यंत्र बोटातल्या रक्तात ऑक्सिजन किती भरलाय एवढंच सांगतं. मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऑक्सिजन लागतो सुमारे २० टक्के, आणि शिल्लक साठा जवळपास नाहीच. इन्फेक्शनशी लढताना अंगात दाह (इन्फ्लमेशन) वाढला की रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराचं काम बिघडतं. जिथे जास्त रक्त हवं तिथे त्या पुरेशा रुंदावत नाहीत. पांढऱ्या पेशी बारीक केशवाहिन्यांच्या भिंतीला चिकटून वाट अडवू शकतात. मग बोटावर ९७ असूनही मेंदूला ऑक्सिजन कमी पडू शकतो. शिवाय दाहाची रसायनं मेंदूच्या पेशींनाही थेट चाळवतात, ते वेगळंच.

अँटिबायोटिक आणि सलाईन सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी आत्याने विचारलं, 'तुळशीला पाणी घातलं का रे?'

बाबांचा गोंधळ अचानक सुरू झाला असेल, तर आजच डॉक्टरांकडे न्या.