क्रूझच्या थांब्यावर लहान मुलांसह कोची: आपले अनुभव

नमस्कार. मुंबईहून कोची आणि लक्षद्वीपकडे जाणाऱ्या क्रूझने ज्यांनी प्रवास केला आहे आणि त्या वेळी ज्यांच्यासोबत एक ते चार वर्षांचे मूल होते, अशा सर्वांना येथे अनुभव लिहिण्याचे आमंत्रण आहे. १३४१ सालच्या महापुरानंतर कोचीचे नैसर्गिक बंदर मोकळे झाले. १५०३ मध्ये तेथे पोर्तुगिजांनी किल्ला बांधला, १६६३ मध्ये डचांनी शहर जिंकले आणि १७९५ मध्ये ते इंग्रजांकडे गेले. या सर्वांच्या खुणा फोर्ट कोची आणि मट्टनचेरी या लगतच्या दोन भागांत दाटीने उभ्या आहेत. मोठ्या माणसाला त्या अर्ध्या दिवसात पाहता येतात. मात्र दुपारी बारा वाजता डोळे चोळू लागणाऱ्या मुलाला घेऊन त्यांपैकी काय पाहावे आणि काय खुशाल सोडून द्यावे, हे अनुभवी पालकच सांगू शकतील. विलिंग्डन बेटावरील धक्क्यापासून आपण कसे गेलात, ऊन, झोप आणि खाणे कसे सांभाळलेत, हे अवश्य लिहावे. जहाजावरील जेवण आणि करमणूक यांविषयी येथे लिहू नये, ही विनंती.

ठाणे, मुलगी सव्वादोन वर्षांची

आम्ही जहाजावरून आयोजित केलेली सहल घेतली नाही, कारण तिच्या कार्यक्रमपत्रिकेत पाच ठिकाणे होती आणि आमच्या मुलीला एका ठिकाणाहून उठवायलाच बराच वेळ लागतो. बंदराच्या फाटकाबाहेर अर्ध्या दिवसासाठी टॅक्सी ठरवली आणि ऊन चढण्याच्या आत थेट चिनी जाळ्यांपाशी गेलो. या जाळ्यांची छायाचित्रे सगळ्यांनी पाहिलेली असतात, परंतु मुलांना त्यांचे काय आवडते हे तेथे गेल्यावरच कळते. लांबलचक लाकडी दांड्याच्या एका टोकाला पाण्यावर पसरलेले जाळे असते आणि दुसऱ्या टोकाला कमी-अधिक लांबीच्या दोरांना बांधलेले मोठे दगड असतात. कोळी दोर ओढून जाळे वर घेऊ लागले की ते दगड एकामागून एक खाली येऊन टेकतात आणि त्यामुळेच एवढ्या अवजड सांगाड्याचा तोल राहतो. आमच्या मुलीने जाळ्यातल्या माशांकडे ढुंकूनही पाहिले नाही, प्रत्येक दगड टेकला की ती “बशला!” असे ओरडे आणि पुढच्या दगडाची वाट पाही. कोळी पर्यटकांना दोर ओढायला बोलावतात आणि त्यानंतर पैशांची अपेक्षा ठेवतात, म्हणून सुटे पैसे जवळ असावेत.

तेथून सेंट फ्रान्सिस चर्च चालत जाण्याइतके जवळ आहे. वास्को द गामा १५२४ मध्ये कोचीतच वारला आणि त्याला प्रथम येथे पुरले होते. पुढे त्याच्या अस्थी लिस्बनला नेण्यात आल्या. कठड्याने वेढलेली ती दफनाची जागा आम्ही दोघांनी आळीपाळीने पाहिली. मुलीचे सारे लक्ष छताला टांगलेल्या कापडी पंख्यांकडे होते. ते पंखे पूर्वी भिंतीपलीकडे बसलेली माणसे दोराने ओढत असत, हे तिला सांगितल्यावर ती बाहेर जाऊन त्या माणसांना शोधू लागली. मट्टनचेरीला आम्ही गेलोच नाही. परेड ग्राउंडच्या कडेच्या मोठ्या झाडांच्या सावलीत तिला मनसोक्त धावू दिले आणि परतीच्या वाटेवर ती टॅक्सीतच झोपली.

नाशिक, नातू तीन वर्षांचा, नात दीड वर्षाची

माझे मत वरील मतापेक्षा निराळे आहे. आमच्यात दोन मुले आणि गुडघे दुखणारे दोन ज्येष्ठ होते, त्यामुळे जहाजाची वातानुकूलित बस आम्हाला सोयीची ठरली. बसला उशीर झाला तर त्याची जबाबदारी सहल नेणाऱ्यांवर असते, ही निश्चिंती मला अधिक पैसे मोजण्याइतकी मोलाची वाटते. ज्यांची मुले कडेवरून उतरतच नाहीत, त्यांनी तरी या पर्यायाचा विचार करावा.

मट्टनचेरीचा राजवाडा पोर्तुगिजांनी बांधून कोचीच्या राजाला दिला आणि पुढे डचांनी त्याची डागडुजी केली. तो बाहेरून इतका साधा दिसतो की माझ्या सुनेला तो राजवाडा वाटलाच नाही. आतल्या भिंतींवर मात्र रामायणातील प्रसंग इतके दाटीवाटीने रंगवले आहेत की त्यांच्यात बोटभर मोकळी जागा सापडत नाही. वर जाण्यास जिना आहे, म्हणून बाबागाडी खालीच ठेवावी लागली. भित्तिचित्रांच्या दालनात सून आणि मुलगा निवांत रेंगाळले, आणि तेवढ्या वेळात मी नातवाला पालख्यांच्या दालनात नेले. आषाढात दारावरून जाणारी दिंडी त्याने पाहिलेली असल्यामुळे पालखी दिसताच त्याने टाळ्या वाजवत “ज्ञानोबा-तुकाराम” सुरू केले, आणि एका परदेशी बाईंनीही हसून त्याला टाळ्यांची साथ दिली. राजवाड्यात पाहण्यासारखी इतर दालनेही आहेत, परंतु आमचा निम्मा वेळ त्या पालख्यांपाशीच गेला आणि त्याचे मला काडीचेही वाईट वाटले नाही.

अबू धाबी, मुलगा दोन वर्षांचा

थोडक्यात लिहितो. जहाज कोचीला कोणत्या वारी लागते, हे आरक्षण करतानाच पाहावे. मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो आणि ज्यू टाउनमधील १५६८ चे ‘परदेशी सिनेगॉग’ हे ज्यूंचे प्रार्थनास्थळ शनिवारी व ज्यू सणांच्या दिवशी बंद असते. आम्ही शनिवारी पोहोचलो, त्यामुळे सिनेगॉगचा घड्याळाचा मनोरा तेवढा बाहेरून पाहिला आणि मसाल्यांच्या दुकानांतून हिंडलो. मुलाला वेलदोड्यांच्या पोत्यात हात घालण्यापासून आवरताना आमचा जो व्यायाम झाला तो झालाच.

पूर्वी कोचीत वास्तव्य. दोन्ही मुले तेथेच वाढली

माझे यजमान नौदलात असताना आम्ही कोचीत राहत होतो. नौदलाच्या दक्षिण विभागाचे मुख्यालय तेथे आहे आणि वसाहतीत मराठी कुटुंबेही होती, त्यामुळे गावाकडून येणाऱ्या पाहुण्यांना त्यांच्या लहानग्यांसह शहर दाखवण्याचे काम माझ्याकडेच असे. म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट हवेची. डिसेंबर-जानेवारीतही कोचीची हवा दमट असते आणि सकाळी दहानंतर मुलांचे कपडे अंगाला चिकटू लागतात. मुंबईकरांना याची सवय असते, पुणे-नाशिककडच्या मुलांना नसते. सुती कपड्यांचे दोन जोड सोबत ठेवावेत आणि शहाळे दिसेल तेथे थांबावे. खाण्याची मात्र चिंता करू नये. इडली, अप्पम आणि दहीभात सर्वत्र मिळतो. नेंद्रन जातीचे पिकलेले केळे वाफवून देण्याची तिकडे पद्धत आहे. ते मऊ, गोड आणि पोटभरीचे असते, आणि एरवी प्रत्येक घासाला तोंड फिरवणारी मुलेही ते मुकाट्याने खाताना मी पाहिली आहेत. अगदी तान्ह्या बाळांना तेथील आया कच्च्या केळ्याच्या पिठाची खीर भरवतात. तिला कुरुक्कु म्हणतात. ते पीठ दुकानांत तयार मिळते, परंतु प्रवासातच प्रथम खाऊ घालण्याचा प्रयोग करू नये.

दुसरी गोष्ट पाण्यावरच्या प्रवासाची. विलिंग्डन बेटावरून फोर्ट कोचीला रस्त्याने जायचे तर तोप्पुंपडीच्या पुलावरून वळसा घ्यावा लागतो आणि सायंकाळी तेथे गाड्यांची रांग लागते. सरकारी बोटी चालू असल्यास त्यांचे वेळापत्रक विचारून घ्यावे, कारण बोटीतून मुलांना वारा लागतो आणि त्यांची चिडचिड थांबते. त्याहूनही मजेची आहे ती फोर्ट कोची ते समोरचे वैपीन बेट ही वाहने वाहून नेणारी रो-रो बोटसेवा. काही मिनिटांच्या त्या प्रवासात मोटारी, रिक्षा, स्कूटर आणि माणसे एकाच तराफ्यावरून पलीकडे जातात. इतिहासाशी तिचा काहीही संबंध नाही, परंतु माझ्या धाकट्याला तीन-चार वर्षांचा होईपर्यंत कोची म्हणजे तीच वाटत असे. बंदराच्या तोंडाशी कधीकधी डॉल्फिन दिसतात. त्यांचे वचन मुलांना आधी देऊ नये, कारण ते दिसले नाहीत तर पुढचा तासभर त्यांचाच जाब द्यावा लागतो.

तिसरी गोष्ट क्रमाची. पाहुण्यांसोबत लहान मूल असेल तर मी सकाळी जाळी आणि चर्च, नंतर समुद्राकाठच्या रस्त्यावरील बालोद्यान, मग लवकर जेवण असा क्रम ठेवत असे. मट्टनचेरीला मूल झोपल्यावरच जायचे, म्हणजे एकाने गाडीत त्याच्याजवळ बसायचे आणि दुसऱ्याने सिनेगॉग पाहून यायचे. तेथे पादत्राणे बाहेर काढावी लागतात. जमिनीवर चीनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या, हाताने रंगवलेल्या फरशा आहेत आणि त्यांतली एक दुसरीसारखी नाही, म्हणून खाली मान घालून सावकाश पाहण्याची ती जागा आहे. धावते मूल सोबत असेल तर ते शक्य होत नाही, हे स्पष्टच सांगते.

मडगाव, मुलगी अडीच वर्षांची

वरील सर्व माहितीत एक भर घालतो. पोर्तुगीज राजवटीच्या काळात गोव्यातून बाहेर पडलेली अनेक गौड सारस्वत कुटुंबे मट्टनचेरीच्या चेरलाई भागात स्थिरावली आणि तेथील तिरुमला देवस्वम हे त्यांचे मोठे मंदिर आहे. आम्ही देवळाजवळच्या दुकानात दूध गरम करून मिळेल का, असे इंग्रजीत विचारत होतो. माझी आई मागून माझ्याशी कोकणीत काही बोलली, तशी दुकानातल्या आजीबाईंनी तिला कोकणीतच उत्तर दिले. त्यांची कोकणी आमच्यापेक्षा वेगळ्या वळणाची होती, तरी अडले नाही. दूध तर मिळालेच, शिवाय मुलीला निजवायला सावलीची जागाही मिळाली. प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत हा भाग सहसा नसतो, परंतु कोकणी जाणणाऱ्यांनी तिकडे चक्कर मारावी.

पुणे, जुळी मुले, पावणेदोन वर्षांची

दोन बाळांची जोडगाडी घेऊन जाऊ नये, एवढेच कळकळीने सांगायचे आहे. फोर्ट कोचीचे रस्ते सपाट आहेत, परंतु पदपथ मध्येच संपतात आणि ज्यू टाउनच्या अरुंद गल्लीत पर्यटक, रिक्षा व दुकानाबाहेर मांडलेला माल यांतून रुंद गाडी पुढे सरकत नाही. आम्ही ती टॅक्सीत ठेवून मुलांना पाठपिशवीसारख्या कॅरियरमध्ये घेतले. टॅक्सीच्या आधी आम्ही ठरवलेल्या रिक्षाचालकाने अतिशय कमी भाडे सांगितले होते आणि त्या बदल्यात तो आम्हाला एका मागून एक हस्तकलेच्या दुकानांत नेऊ लागला. दुकानदाराकडून मिळणारे कमिशन हाच त्याचा खरा मोबदला असतो. एकटे असताना त्याची गंमत वाटली असती. दोन रडणाऱ्या मुलांसह तिसऱ्या दुकानाच्या दारात आम्ही हिशेब चुकता करून उतरलो. कोठे थांबायचे आणि कोठे नाही, हे भाडे ठरवतानाच बोलून घ्यावे.

डोंबिवली; मुलगा तेरा महिन्यांचा

आम्ही मुलाला खाली उतरवलेच नाही आणि याविषयी कोणी लिहिलेले दिसले नाही, म्हणून लिहिते. त्याला आदल्या रात्री किंचित कसर होती. सकाळी यजमान एकटे फोर्ट कोची पाहून आले आणि दुपारी बाळ त्यांच्यापाशी ठेवून मी गेले. बंदराच्या फाटकातून पुन्हा आत येताना जहाजाचे कार्ड आणि छायाचित्र असलेले सरकारी ओळखपत्र दोन्ही दाखवावे लागले, तेव्हा पाळीने जाणाऱ्यांनी एकमेकांची कार्डे चुकून आपल्या पर्समध्ये नेऊ नयेत. मुख्य म्हणजे दुपारी जाणाऱ्याने जहाज सुटण्याची नव्हे, तर सर्वांनी परत चढण्याची वेळ लक्षात ठेवावी, कारण ती बरीच आधीची असते. मी रिक्षावाल्याला ती वेळ तासभर अलीकडचीच सांगितली होती. पुलावर गाड्या खोळंबल्या, तरी मी वेळेत पोहोचले. तोपर्यंत बाळाने झोप काढून, भात खाऊन, बाबांच्या शर्टाला हात पुसले होते.