जर्मनी एकट्या स्टालिनने तोडला का?

राइनकाठी: काल इथे कुणीतरी लिहिलं, "पॉट्सडॅमला जर्मनी एकच ठेवायचा ठरलं होतं, स्टालिनने शब्द मोडला." वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. १९४५ च्या त्या पॉट्सडॅम बैठकीत अमेरिका, ब्रिटन आणि रशियाचं जर्मनी एकच आर्थिक घटक धरायचा हे ठरलं खरं, पण त्याच करारात नुकसानभरपाई ज्याने त्याने आपापल्या झोनमधून, म्हणजे ताब्यातल्या भागातून, काढायची हेही ठरलं, मग एक राहणार कसा? आणि बर्लिनमध्ये सगळ्या जर्मनीसाठीची मध्यवर्ती सरकारी खाती उभी राहू दिली नाहीत ती फ्रान्सने. पॉट्सडॅमला त्यांना बोलावलंच नव्हतं, ते कशाला ऐकतील!

दख्खनी: फ्रान्सचं बरोबर आहे. पण रशियन लोक कारखाने, रेल्वेचे रूळ उपटून नेत होते त्याचं काय? आणि तिकडे ब्रिटनमध्ये जुलै १९४६ मध्ये पावावर रेशन लागलं, जे युद्धातसुद्धा नव्हतं! आपल्या झोनमधल्या जर्मनांना पोसायचं म्हणून. जिंकलेल्यांनी उपाशी राहायचं का?

राइनकाठी: ज्यांची पावणेतीन कोटी माणसं मेली त्यांनी रूळ नेले तर तुम्हाला रुळांचं दुःख? त्याआधीच्या याल्टा बैठकीत जर्मनीकडून २० अब्ज डॉलर भरपाई आणि त्यातले निम्मे रशियाला हा चर्चेचा पाया धरला होता, पॉट्सडॅमला तो आकडाच गायब झाला.

सहावी_खिडकी: तुम्ही दोघं भरपाईवरच अडकलात, खरं तुटलं ते पश्चिमेकडच्या झोनमध्ये नव्या नोटा आल्या त्यावरून. मी हॅनोव्हरला चार वर्षं राहिले. घरमालकीणबाई सांगायच्या, २० जून १९४८, रविवार, रांगेत उभं राहून माणशी ४० नवे मार्क घेतले आणि सोमवारी दुकानात बूट, भांडी, सगळं हजर! आदल्या आठवड्यात काहीच नव्हतं. दुकानदारांनी दडवून ठेवलेलं. त्यांच्या आईची आयुष्यभराची शिल्लक मात्र दहावा हिस्सासुद्धा उरली नाही. हे सांगताना बाई अजून रडायच्या.

दख्खनी: ताई, वाईट वाटतं, पण जुना मार्क मेलेलाच होता. १९४४ मध्ये अमेरिकेनेच जर्मनीत चालवायच्या नोटा छापायचे साचे रशियाला दिले, त्यांनी वाटेल तेवढ्या छापल्या.

राइनकाठी: आणि नव्या नोटा १९४७ च्या अखेरीलाच अमेरिकेत छापत होते, इकडे लंडनला चौघांचे परराष्ट्रमंत्री एक जर्मनी म्हणून बोलत बसलेले. याला वाटाघाटी म्हणायचं?

दख्खनी: तयारी ठेवली म्हणजे फसवलं होत नाही हो! सगळ्यांच्या देखरेखीखाली बर्लिनमध्येच छापा म्हणून अमेरिकेचा लष्करी गव्हर्नर क्ले सांगत होता, रशियाला मात्र लाइपझिगलाही छापखाना हवा होता, स्वतःच्या ताब्यातला. १९४४ चा अनुभव घेऊन कोण हो म्हणेल?

सहावी_खिडकी: म्हणजे बाईंच्या आईची शिल्लक या छापखान्याच्या भांडणात गेली. आणि ज्यांच्याकडे घरं, कारखाने होते त्यांचं तेव्हा काहीच गेलं नाही, यावर दोघंही गप्प.

राइनकाठी: ताई, ते खरंय. दख्खनी, लाइपझिगचं मान्य करतो, नाइलाजाने. पण २० मार्च १९४८ ला रशियाचा लष्करी गव्हर्नर सोकोलोव्स्की कंट्रोल कौन्सिलमधून, म्हणजे चौघांच्या संयुक्त कारभारी मंडळातून, उठून गेला तो लंडनला सहा देश रशियाला वगळून पश्चिम जर्मनीचं ठरवत होते म्हणून. ते तुम्ही अजून एकदाही लिहिलेलं नाही.